ऑलिव्हच्या बरण्यांची खोली

"खुर्ची टोचतेय," माखलूफ म्हणाला. "मागून टोचतेय, खालून टोचतेय. कुठून टोचत नाही ते विचार."

"टोचू दे," फ्रेहा म्हणाली. "पोरं जाईपर्यंत टोचून घे."

"पोरं उद्या रात्री जाणार."

"मग उद्या रात्रीपर्यंत टोचून घे."

शेजारची सोल स्वयंपाकघराच्या दाराला टेकून कोथिंबीर निवडत होती, ती फिसकन हसली. "तुम्हा दोघांना भोंग्यावर बसवायला पाहिजे. त्या बाईपेक्षा ऐकायला बरं."

ती बाई म्हणजे भोंग्यातली बाई. सीमेपलीकडून रॉकेट निघालं की गावभरच्या खांबांवरून तिचा आवाज येई, "लाल रंग, लाल रंग," अगदी शांत, बँकेत नंबर पुकारावा तसा. तिनं म्हटल्यापासून लोखंड पडेपर्यंत बुटाची एक नाडी बांधून होईल एवढाच वेळ. गावात तिच्याबद्दल नाना गप्पा. तिला नवरा आहे का, घरी भांडतानाही ती अशीच बोलते का. सोलचं मत होतं की बाईचं लग्न झालेलं नाही, कारण इतकी वर्षं एकच गोष्ट सांगून एवढं शांत राहणं लग्न झालेल्या बाईला जमायचं नाही.

सकाळी सोलचा नवरा आणि दीर येऊन माखलूफला कॉटवरून उचलून या चाकांच्या खुर्चीत ठेवून गेले होते. एके काळी ट्रकमधून बटाट्याची पोती एकट्यानं उतरवणारा माणूस. अर्धांगाच्या दुसऱ्या झटक्यानंतर उजवी बाजू गेली, पण वजन कुठे गेलं नाही. फ्रेहाला एकटीनं त्याला कुशीवरसुद्धा वळवता येत नसे. दवाखान्याची ती हँडल फिरवून वरखाली होणारी कॉट आली म्हणून निभत होतं. आणि कॉट होती बाहेरच्या खोलीत, खिडकीखाली, कारण पक्क्या खोलीच्या दारातून ती आत जात नव्हती.

पक्की खोली सरकारनं बांधून दिली होती. गल्लीतल्या सगळ्या घरांना एकेक अशी काँक्रीटची खोली मागून चिकटवलेली, घराला गळू झाल्यासारखी. जाड भिंती, खिडकीला पोलादी झडप, जड लोखंडी दार, आणि ते दार अरुंद. आधी माखलूफला आत साध्या खाटेवर ठेवून बघितलं. आठवड्यात पाठ सोलून निघाली. तो म्हणाला, "मला बाहेर काढ. थडग्यात जाईन तेव्हा जाईन, आत्तापासून सराव नको." मग फ्रेहानं त्या खोलीत ऑलिव्हच्या आणि लिंबाच्या लोणच्याच्या बरण्या ठेवल्या. गार खोली, लोणची छान मुरत.

आणि बाई बोलली की फ्रेहा काय करायची? हातातलं टाकून बाहेरच्या खोलीत धावायची, भिंतीला लावून ठेवलेली जुनी गादी खिडकीवर लोटायची आणि नवऱ्यावर आडवी पडायची. तो खालून म्हणायचा, "जा आत, वेडे." ती म्हणायची, "गप." तेवढ्यात कुठेतरी फुटायचं. मग ती उठून एप्रनला हात पुसत गॅसवरचं बघायला जायची. बाईनं बोलावं आणि तिचे पाय तिकडे वळावेत, हे इतकं अंगवळणी पडलं होतं की भाजी लागते आहे की नाही याचा विचार चालू असतानाही पाय आपापले जात.

यातलं सिगलला काही ठाऊक नव्हतं. सिगल, त्यांची धाकटी, लग्न होऊन दूर नेतान्या शहरात गेलेली. फोनवर ती विचारायची, "इमा, आत बसता ना गं दोघं?" आणि फ्रेहा म्हणायची, "बसतो म्हणजे? तुझे अब्बा तिथे बसून घोरतात."

आज ती येणार होती, नवऱ्याला आणि बाळाला घेऊन. बाळ जन्मल्यापासून पहिल्यांदाच. आणि नुसती भेटायला येणार नव्हती. तिची सुट्टी संपत होती, पुढच्या आठवड्यापासून इस्पितळाच्या प्रयोगशाळेत रुजू व्हायचं होतं. बाळ कुणाकडे, हा प्रश्न होता. फ्रेहानं फोनवर सांगून टाकलं होतं: रविवार ते गुरुवार माझ्याकडे ठेव, निदान हा हिवाळा. सिगल म्हणाली होती, "बघू. येऊन बघते." गेले काही आठवडे भोंग्यातली बाईसुद्धा गप्प होती. इतकी गप्प की गल्लीत कुणी तिचं नाव काढत नव्हतं, दृष्ट लागेल म्हणून.

सिगल नाही म्हणाली तर बाळ हेनियाकडे जाणार, जावयाच्या आईकडे. हेनिया वाईट नव्हती. पण बाळाला उकडलेलं गाजर द्यायची, मिठाशिवाय. फ्रेहा हे सोलला सांगायची तेव्हा आवाज खाली आणायची, एखाद्याच्या घरात दारू चालते हे सांगावं तसा.

म्हणून हे सगळं नाटक. माखलूफ खुर्चीत. बरण्या सोलच्या घरी. पक्क्या खोलीत माखलूफसाठी उशी, स्टुलावर त्याचा जुना चष्मा आणि स्तोत्रांचं पुस्तक, मध्येच उघडून ठेवलेलं, आत्ता वाचून उठल्यासारखं. कोपऱ्यात बाळासाठी पाळणा, त्यात सोलच्या नातवंडांची मऊ पांघरुणं.

"चष्मा कशाला?" माखलूफनं विचारलं होतं. "मला त्यातून दिसत नाही."

"तुला दिसायला नाही. तिला दिसायला."

गाडी आली तेव्हा सगळ्या काचा उघड्या होत्या. सिगल याच गावची, भोंगा ऐकू यावा म्हणून वेशीवरच तिनं काचा खाली केल्या होत्या आणि स्वतःचा पट्टा सोडला होता, इथे सगळेच सोडतात, पट्ट्यात अडकून मरण्यापेक्षा पोलिसाची पावती परवडली. तिचा नवरा योताम मात्र पट्टा लावूनच आला, परगावच्या माणसासारखा. आणि सिगल मागे बाळाच्या शेजारी बसली होती, एक हात बाळाच्या खुर्चीच्या खटक्यावर. गाडी थांबून दार उघडेपर्यंत तिनं तो हात काढला नाही. फ्रेहानं ते बघितलं आणि बघितलं नाही असं केलं.

"दे इकडे. दे माझ्या राजाला. या या या! बघा माखलूफ आला!"

"नेवो, इमा."

"मी काय म्हटलं? नेवोच म्हटलं."

पहिल्या नातवाला जिवंत आजोबाचं नाव ठेवायचं, ही त्यांच्याकडची रीत. मोठ्या पोरांना मुलगे नव्हते, आणि सिगलनं 'माखलूफ नाव ठेवलं तर शाळेत पोर मार खाईल' म्हणून नेवो ठेवलं. फ्रेहानं भांडण केलं नाही. ती फक्त सिगलच्या पाठीमागे बाळाला माखलूफ म्हणायची, आज तोंडावर निसटलं.

"गावात बस दिसली," योताम पिशव्या उतरवत म्हणाला. "परदेशी लोक. पोलीस ठाण्यामागे पडलेल्या रॉकेटच्या नळकांड्या ठेवल्यात, तिथे फोटो काढत होते."

"येतात बिचारे," सोल कुंपणापलीकडून म्हणाली. "आमचे हात हातात घेतात, रडतात. मागच्या वेळी एका बाईनं मला विचारलं, तुम्ही इथे कसं राहता? मी म्हटलं, भाड्यानं."

जेवण चांगलं झालं. सिगलनं दोनदा भात घेतला. माखलूफ डाव्या हातानं जेवला आणि खुर्चीबद्दल अवाक्षर बोलला नाही. त्याच्या कपाळावर घाम होता, फ्रेहानं तो तिखटाचा म्हणून पुसला. मग सिगल उठली आणि काही न विचारता पक्क्या खोलीत गेली. फ्रेहा मागोमाग.

सिगलनं झडप ओढून बघितली. चष्म्याकडे बघितलं. पाळण्यातली पांघरुणं हातानं दाबून बघितली.

"ऑलिव्हचा वास येतोय."

"तुझ्या अब्बांना आवडतो."

"आत यायला वेळ पुरतो?"

"दोन ढांगांवर तर आहे."

योताममधला इंजिनीअर गप्प बसेना. त्यानं माखलूफची खुर्ची पकडली, "अब्बा, जरा बघू या हं," आणि सरळ ढकलत आणली. खुर्ची उंबऱ्यावर एकदा अडखळली आणि गेली आत. जरा खरचटून, पण गेली. माखलूफनं ओठ दाबून धरले होते. फ्रेहाला वाटलं, आता हा ओरडणार. तो म्हणाला, "चक्कर छान झाली. परत ने."

सिगल हसली. आल्यापासून पहिल्यांदा तिचे खांदे खाली आले.

"बरं, इमा," ती म्हणाली. "उद्या रात्री आम्ही दोघंच परत जाऊ बहुतेक, रविवारपासून हा तुझ्याकडे. बहुतेक हं. रात्री बोलू."

फ्रेहानं ओट्याकडे तोंड केलं आणि स्वच्छ भांडं परत घासायला घेतलं.

तिसऱ्या प्रहरी मात्र माखलूफच्यानं बसवेना. त्याचा चेहरा भुरा पडला. "दुपारी जरा पडतोच तो," फ्रेहा म्हणाली, आणि योतामनं त्याला उचलून कॉटवर ठेवलं. पोरगा ताकदीचा होता, तरी धापा टाकत होता. सदरा वर सरकला तेव्हा त्याला पाठीवरच्या जखमा दिसल्या. मग भिंतीला टेकवलेली गादी दिसली.

"ही गादी इथे कशाला, अब्बा?"

"खिडकीतून वारा येतो," माखलूफ म्हणाला.

योतामनं खिडकीकडे बघितलं, कॉटकडे बघितलं, मग पक्क्या खोलीच्या दाराकडे बघितलं. इंजिनीअर माणूस, मापं नजरेतच घेत असावा. त्यानं माखलूफचं पांघरूण नीट केलं आणि गाडीतून बाळाचं सामान आणतो म्हणून बाहेर गेला.

ऊन उतरलं. शुक्रवार होता, सूर्य बुडाला की शब्बाथ, आठवड्याच्या विश्रांतीचा पवित्र दिवस. पूर्वी या गावात शब्बाथची वेळ झाली की भोंगा वाजे. आता भोंग्यानं लोकांच्या छातीत धस्स होतं म्हणून नगरपालिका त्याऐवजी गाणं लावते. गाणं सुरू झालं की बायका मेणबत्त्या काढतात. सिगल न्हायला गेली होती. "जाऊ ना गं?" असं तिनं विचारलं होतं, कारण पाण्याच्या आवाजात भोंगा ऐकू येत नाही, म्हणून या गावात न्हायला जाताना कुणाला तरी विचारून जातात. फ्रेहा म्हणाली होती, "जा, बिंती, जा पोरी. मी आहे ना."

ती मेजाशी उभी होती. डाव्या हातावर बाळ, उजव्या हातानं ती मेणबत्त्या चांदीच्या घरांत बसवत होती. बाळ तिच्या कानातलं डूल ओढत होतं. "माखलूफ," ती म्हणाली, "ओढ, तोड कान, तुझाच आहे." खांबांवरून गाणं चालू होतं. दुसरं कडवं अर्धं झालं होतं.

मग गाणं तुटलं. आणि बाई म्हणाली, लाल रंग.

पक्क्या खोलीचं दार फ्रेहाच्या पाठीशीच होतं. उघडंच होतं. मागे वळून एक पाऊल टाकलं असतं तर ती आत होती.

तिचे पाय दुसरीकडे गेले. मेजाला वळसा, दिवाणाच्या कडेनं, बाहेरची खोली. खांद्यानं गादी खिडकीवर लोटली. माखलूफचे डोळे विस्फारलेले होते. त्यानं तोंड उघडलं, पण नेहमीचं "जा आत" निघेना, कारण तिच्या हातात काय आहे ते त्याला दिसलं होतं आणि तिला अजून दिसलं नव्हतं. ती त्याच्यावर आडवी झाली तेव्हा दोघांच्या मध्ये काहीतरी मऊ होतं आणि ते रडायला लागलं.

तेव्हा तिला कळलं.

उठायला वेळ नव्हता. माखलूफनं डावा हात वर आणून बाळाचं डोकं पंजाखाली घेतलं. घरात पाय धावले, योतामचे बुटातले, सिगलचे ओले, अनवाणी. लोखंडी दार धाडकन लागलं. आणि मग त्या दारामागून सिगलची किंकाळी आली, इतक्या जाड दारामागूनही आली.

पहिलं दूर पडलं. दुसरं गल्लीत.

खिडकी आत आली. गादी त्यांच्या अंगावर कोसळली. वरून गिलावा बराच वेळ भुरभुरत राहिला, चाळणीतून पीठ पडावं तसा. बाळ रडायचं थांबलं होतं. फ्रेहाला वाटलं, संपलं. तिनं गादीखाली हात घातला, बाळाचं तोंड चाचपलं. ओलं, गरम. त्यानं श्वास गोळा केला आणि असा टाहो फोडला की माखलूफ म्हणाला, "देवा, काय फुप्फुसं आहेत."

मग दार उघडलं. सिगल टॉवेल गुंडाळून, केसांतून पाणी गळत, काचांवरून चालत आली. गादी बाजूला केली, बाळ उचललं, त्याला उलटंसुलटं करून बघितलं. तिच्या तळपायातून रक्त येत होतं तेही तिला कळलं नाही. योताम दारात उभा होता. बाळ पाळण्यातच आहे असं समजून त्यानं बायकोला ओढून आत घेतलं होतं आणि दार लावलं होतं. पांघरुणांचा ढीग होता ना पाळण्यात, फ्रेहानंच फुगवून ठेवलेला. सिगलनं ते उचकटलं तेव्हा खाली नुसती पाळण्याची गादी. आणि दार तर एकदा लावल्यावर उघडायचं नसतं. तो आता कुणाच्याच डोळ्यांत बघत नव्हता.

रॉकेट सोलच्या अंगणात पडलं होतं. सोल आणि तिचा नवरा त्यांच्या पक्क्या खोलीत होते, फ्रेहाच्या बरण्यांमध्ये. कोंबड्या गेल्या. सोल कुंपणाशी येऊन ओरडली, "जिवंत आहात का रे?" माखलूफ ओरडला, "तुझी परवानगी असेल तर!" सोल म्हणाली, "फ्रेहा, तुझी सगळी लिंबं फुटली गं," आणि ढसाढसा रडायला लागली.

थोड्या वेळानं आकाशात विमानं गेली. मग सीमेपलीकडून दबलेले, जड आवाज येऊ लागले, जमिनीतून पायांत चढणारे. तिकडे तर बाईसुद्धा बोलत नाही. तिकडेही आत्ता कुणी म्हातारी कुणावर तरी आडवी पडली असेल, हे फ्रेहाच्या मनात दर वेळी यायचं. गल्लीत असलं बोलायची सोय नव्हती. ती झाडू घेऊन काचा गोळा करायला लागली.

काचा गोळा होईतो सूर्य बुडाला. मेणबत्त्या मेजावर तशाच होत्या, एक बसवलेली, एक आडवी. शब्बाथ लागला की आग पेटवत नाहीत, आता काडी ओढायची नाही. लग्न झाल्यापासून फ्रेहाच्या घरात शब्बाथ अंधारा कधी आला नव्हता. छतावरचा दिवा चालू राहिला होता तेवढाच.

तरीही सगळे जेवायला बसले. दुसरं करणार काय? माखलूफच्या कॉटजवळ मेज ओढलं. खिडकीला पांघरूण ठोकलेलं. योतामनं द्राक्षरसावरची प्रार्थना म्हटली, माखलूफनं आमेन म्हटलं. लाल रश्श्यातला मासा वाढला. सिगलच्या मांडीवर बाळ झोपलं होतं आणि ती एका हातानं जेवत होती, दुसरा हात बाळाच्या पोटावर, दुपारी खटक्यावर होता तसाच.

"मासा छान झालाय," योताम म्हणाला.

"मिरची जरा कमी पडली," माखलूफ म्हणाला.

योतामनं पाव मोडून सगळ्यांपुढे ठेवला.

"इमा," सिगल शेवटी म्हणाली. ती पानाकडे बघत होती. "घाबरल्यावर होतं असं. माणूस गोंधळतो. कुठे जायचं ते सुचत नाही."

"अगदी," योताम म्हणाला. "मीसुद्धा... मीसुद्धा नीट बघितलं नाही."

"मी हाक मारली तिला," माखलूफ म्हणाला. सगळ्यांनी त्याच्याकडे बघितलं. तो भिंतीकडे बघत होता. "मी ओरडलो, फ्रेहा ये म्हणून. म्हातारा माणूस, भ्यालो. म्हणून ती इकडे आली. नाहीतर आतच जात होती. नेहमी आतच जाते."

सिगलनं मान हलवली, जरा जास्तच जोरात. "हां. मग बरोबर आहे. अब्बांनी हाक मारली." आणि तिनं फ्रेहाकडे बघितलं. लहानपणी काहीतरी फोडून आल्यावर, आई विचारू नये म्हणून बघायची तसं. त्या नजरेत रविवार अजून शिल्लक होता. फ्रेहानं फक्त हो म्हणायचं होतं.

फ्रेहानं हातातला पाव खाली ठेवला. तिनं नवऱ्याच्या डाव्या हाताकडे बघितलं. बाळाच्या डोक्यावर धरलेल्या त्या पंजावर काचेचा एक ओरखडा होता, आता सुकलेला.

"यानं हाक मारली नाही," ती म्हणाली.

"फ्रेहा, मासा खा," माखलूफ म्हणाला.

"तू गप. यानं हाक मारली नाही, सिगल. आणि मी गोंधळले पण नाही. त्या खोलीत मी कधी जातच नाही. लोणची ठेवते मी तिथे. तुझे अब्बा आत जात नाहीत, म्हणून मी जात नाही. बाई बोलली की माझे पाय इकडे येतात, मला विचारत नाहीत. तुझं पोर माझ्या हातात होतं आणि दार माझ्या पाठीला लागलेलं होतं, आणि ते इकडे आले."

बाळ झोपेत हललं. सिगलचा हात त्याच्या पोटावर घट्ट झाला.

"उद्या बोलली तरी इकडेच येतील. परवाही." फ्रेहानं बाहीनं नाक पुसलं. "त्याला इथे ठेवू नकोस. हेनियाकडे ठेव."